मोठ्या नेढ्याची सुई

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भाऊजी,

आज सकाळी नऊला ग्रंथालयात गेले. बांधणीची खळ शिजवली. एका जुन्या शब्दकोशाच्या तीन जुड्या शिवल्या. दुपारी कायद्याची सात जाड पुस्तकं बांधणीला आली, सगळ्यांचे कणे उखडलेले. साडेचारला एक हवालदार माझ्या नावाचं समन्स घेऊन आला. सहा मेला साक्ष आहे. मी सही करत असताना तो म्हणाला, "पेन तुमचंच आहे ना? माझं हल्ली कोणी परत देत नाही." मी हो म्हटलं. पाचला टेबल पुसलं आणि चालत घरी आले.

तुमच्या दादांना जाऊन आज एकोणऐंशी दिवस झाले. जामिनावर सुटून तुम्ही वन्संकडे राहायला गेलात, हेही मला सासूबाईंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. या दिवसांत तुमचं एक पत्र नाही की फोन नाही. मी वाट पाहत होते असं नाही. पण पोस्टमन दिसला की हातातलं काम थांबतं.

मला लिहिण्याची सवय नाही. पुस्तकं मी बाहेरून ओळखते, आत काय आहे ते क्वचितच बघते. आज मात्र त्या कायद्याच्या पुस्तकातलं एक सुटं पान हातात आलं आणि मी ते वाचलं. दारू पिऊन वाहन चालवण्याबद्दल होतं. श्वासात किती, रक्तात किती, पहिल्यांदा सापडल्यास काय, पुन्हा सापडल्यास काय. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अशा माणसाला जाणूनबुजून गाडी देणारा मालकही दोषी. मी ते पान त्याच्या जागी लावलं आणि शिवून टाकलं.

इथे सगळं ठीक आहे. तुमच्या दुकानाला कुलूप आहे. चष्मे करायला टाकलेली दोन माणसं घरी येऊन गेली, त्यांना मी पावती बघून चष्मे दिले. सासूबाईंचा चष्मा नाकावरून घसरतो. दुसऱ्या दुकानात न्यायला त्या तयार नाहीत. तुमचं नाव घेत नाहीत आणि चष्माही दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

शेजारणी आल्या की सासूबाई सांगतात, "माझ्या सुनेने अडवलं होतं त्याला. दोनदा अडवलं. ऐकलं नाही त्याने." त्या असं सांगायला लागल्या की मी भांडी आवरायला उठते.

पाकिटाला तिकीट लावलं आहे. उद्या टाकीन.

वहिनी

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भाऊजी,

आधीचं पत्र टाकलं नाही. सकाळी पाऊस नव्हता, पेटीही वाटेवरच होती, तरी टाकलं नाही. ते बरंच झालं.

आज सरकारी वकीलबाईंनी बोलावलं होतं. त्यांच्या खोलीत एकच खिडकी आहे आणि ती फायलींनी अर्धी बुजली आहे. उरलेल्या अर्ध्यातून ऊन येतं. त्या उन्हात कागदाची धूळ तरंगत होती, आमच्या बांधणीखान्यात तरंगते तशीच. त्या बोलत होत्या आणि मी त्या धुळीकडे बघत होते. हल्ली माझं असं होतं. समोरचा बोलतो ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं.

मी विचारलं, "आरोपीने साक्षीदाराला पत्र लिहिलं तर चालतं का?"

"अजिबात नाही. जामिनाची पहिलीच अट ती आहे. लिहिलं का त्यांनी?"

"नाही."

"मग शहाणे आहेत. आणि ताई, तुम्हीही लिहू नका. पत्र सापडलं तर उद्या त्यांचा जामीन जाईल."

म्हणजे तुमचं गप्प राहणं हे कोर्टाचं होतं. मी मनातल्या मनात तुम्हाला बरंच काही बोलले होते. ते मागे घेते.

मग त्यांनी मला खटला समजावून सांगितला. दारू पिऊन गाडी चालवली, यात वादच नाही. इस्पितळात तुमचा श्वास तपासला, मग रक्त घेतलं, दोन्हीत आकडा हद्दीच्या बराच वर होता. त्याची शिक्षा होणारच, परवानाही जाणार. प्रश्न आहे तो पुढचा. गाडीतला माणूस दगावला. तो निष्काळजीपणामुळे दगावला असं धरलं तर शिक्षा थोडी. पण आपण चालवली तर कोणीतरी मरेल, हे पुरतं ठाऊक असताना चालवली असं धरलं, तर तो सदोष मनुष्यवध. दहा वर्षांपर्यंत.

"ठाऊक होतं हे कसं कळणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "तुमच्यामुळेच की. तुमच्या जबाबात आहे ना. 'मी त्यांना दोनदा सांगितलं, तुम्ही प्यायला आहात, चालवू नका, जिवावर बेतेल.' सख्खी वहिनी दोनदा बजावते आणि तरी माणूस चावी हिसकावून घेतो. यापेक्षा जास्त काय हवं? माझी अर्धी केस तुमच्या त्या चार ओळींवर उभी आहे."

त्या ओळी त्यांनी वाचून दाखवल्या. खाली माझी सही होती. सही सरळ आहे, हात हललेला दिसत नाही. इस्पितळात तुमच्या दादांना आत नेल्यावर तासाभराने केलेली सही आहे ती.

"त्यांनी स्वतः काय सांगितलंय?" मी विचारलं.

"काही नाही. प्यायलो होतो, चालवत होतो, एवढंच. चावीबद्दल विचारलं तर गप्प."

बाहेर आले तेव्हा चुकीच्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. वाहक म्हणाला, "बाई, इथून पुढे फक्त तळं आहे." मी त्याच बसने परत आले.

वहिनी

रविवार, ९ मार्च

भाऊजी,

आज सुट्टी. कपडे धुतले. सासूबाईंचे केस विंचरले. त्या दुपारी झोपल्यावर लिहायला बसले आहे.

ही पत्रं मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवते. ती कधी तुमच्या हातात पडतील, मला माहीत नाही. पण तुम्हाला जे माहीत आहे तेच तुम्हाला लिहायचं आहे, म्हणून हे इतकं अवघड जातंय.

सुईची परीक्षा ह्यांनीच काढली होती. पंधरा वर्षं झाली असतील. कोणाच्या तरी वाढदिवसाहून येताना ह्यांनी गाडी फाटकाला घासली होती, तेव्हापासून. घरातल्यांपैकी कोणी घेतली असेल तर आधी वहिनीच्या सुईत दोरा ओवायचा. ओवला तर चावी. माझ्या पर्समध्ये सुयांची डबी असतेच. हे न पिताही नापास व्हायचे. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी पास. चष्म्याचे ते तांदळाच्या कण्यांहून बारीक स्क्रू दिवसभर बसवणारा तुमचा हात, तो काय हलणार. हे म्हणायचे, "याला पिंपात बुडवून काढला तरी ओवील." आणि आम्ही सगळे हसायचो. तुमचा हात पास होत होता. बाकीचे तुम्ही पास होत होतात की नाही, हे कोणी विचारलं नाही. दोरा आत गेला की मी पर्समधून चावी काढून द्यायचे. गाडी माझ्या नावावर, म्हणून चावी माझ्याकडे. मला गाडी येत नाही.

त्या दिवशी ह्यांच्या निवृत्तीचं जेवण होतं, तळ्याकाठी, ह्यांच्या सोबत्याच्या घरी. पाणीपुरवठ्यातली सगळी जुनी माणसं. बारापासून बाटल्या उघडत होत्या. साडेतीनला पुरुष माणसं पायऱ्यांवर बसली होती आणि तळ्यावर ऊन असं पडलं होतं की पाणी आहे की कागद, कळत नव्हतं. एक होडी मध्यभागी थांबली होती. ती तासभर तिथेच होती. अजूनही ती मला तिथेच दिसते.

हे म्हणाले, "राहू या ना. गवतावर पडू जरा, उतरू दे. संध्याकाळी बसने जाऊ, गाडी उद्या नेऊ."

मी म्हटलं, "मला घरी जायचंय."

घरी काही काम नव्हतं, भाऊजी. कोणी वाट बघत नव्हतं. सासूबाई वन्संकडे गेल्या होत्या. मला कंटाळा आला होता आणि चपला चावत होत्या. पुष्कळ शोधलं, पण याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

ह्यांनी टाळी वाजवली. "चला, परीक्षा!"

तुम्ही नेहमीची बारीक सुई घेतलीत. दोरा बाजूने गेला. पुन्हा घेतलीत. पुन्हा बाजूने. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "वहिनी, आज नेढं हलतंय हो."

हे म्हणाले, "नापास! पंधरा वर्षांत पहिल्यांदा! आता मुकाट्याने गवतावर चला."

आणि मी डबी उघडली. त्यात बांधणीची सुई होती, जाड, मोठ्या नेढ्याची. मेण लावलेला ताठ दोरा होता. मी म्हटलं, "ती वाकडीच आहे. ही घ्या." तुम्ही ओवलीत. ती कोणालाही ओवता आली असती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चावी काढून तुमच्या हातावर ठेवली.

तुम्ही विचारलंत, "चालवू ना, वहिनी? नक्की?"

मी म्हटलं, "चला."

पुढचं मला नीट आठवत नाही. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना झाडं, ऊन आणि सावली, ऊन आणि सावली. मांडीवर रिकामा डबा होता. हे पुढे बसून पाण्याच्या दाबाबद्दल काहीतरी सांगत होते. निवृत्त झाले तरी पाणीच. त्यांचा आवाज लांब लांब जात होता. मला डुलकी लागली होती. मग कोणीतरी पान उलटावं तसा उजेड बदलला.

नंतर फार शांत होतं. रस्त्याच्या कडेला उभा असलेला पाइपांचा ट्रेलर आमच्या गाडीत डावीकडून आला होता. इंडिकेटर टकटक करत होता. कुठे वळायचं होतं कोण जाणे. ह्यांचा चष्मा समोर काचेखाली पडला होता, त्याला ओरखडाही नव्हता. तुम्ही केलेला होता तो.

इस्पितळात हवालदाराने विचारलं, "तुम्ही अडवलं नाही त्यांना?" त्या प्रश्नाला 'नाही' म्हणायला माझं तोंड उघडेना. मी म्हटलं, "अडवलं. दोनदा सांगितलं." दोनदा हे कुठून आलं, ते तुम्हाला कळलं असेल.

सासूबाई उठल्या वाटतं.

वहिनी

मंगळवार, ६ मे

भाऊजी,

आज आपण तिघं एका खोलीत होतो. तुम्ही सबंध वेळ समोरच्या कठड्याकडे बघत होतात. तुम्ही बारीक झाला आहात.

गेल्या आठवड्यात मी वकीलबाईंना सगळं सांगितलं होतं. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे फेब्रुवारीत नाही का सांगायचं? माझा साक्षीदार फितूर झाला असं लिहावं लागेल मला."

"लिहा."

"तुमच्या नावावर गाडी. प्यालेल्या माणसाला तुम्ही चावी दिलीत. हे तुमच्यावर उलटेल, कळतंय ना? त्यांची शिक्षा काही माफ होणार नाही. फक्त मोठं कलम टिकणार नाही."

"कळतंय."

"घरी कोण असतं?"

"सासूबाई."

 त्यांनी चहा मागवला, दोघींसाठी.

कोर्टात काय झालं ते तुम्ही ऐकलंत. पण तुम्ही बघत नव्हतात, म्हणून लिहिते. न्यायाधीश वयस्कर होते. मी चावी दिली म्हटल्यावर त्यांनी कागद चाळले.

"पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलंय."

"खोटं सांगितलं."

"दिराला वाचवायला आज खोटं बोलताय की त्या दिवशी बोलला होतात?"

"त्या दिवशी. स्वतःला वाचवायला."

"आरोपी प्यायलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. ते स्वतःच म्हणाले, नेढं हलतंय."

"काय हलतंय?"

मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बारीक सुई, मग मोठी सुई. खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसं ते थांबलं. ते म्हणाले, "मोठी म्हणजे किती मोठी?" मी पर्समधून डबी काढली. त्यांनी सुई उजेडाकडे धरली, नेढ्यातून खिडकीकडे पाहिलं आणि शेजारी टंकलेखक बसला होता त्याच्याकडे दिली. त्यानेही पाहिलं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मान वर केलीत.

मागच्या बाकावर सासूबाई चष्मा सावरत बसल्या होत्या.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मी तिकिटं काढली.  घरी आल्यावर पाय धुतले, खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला.

"दाखव."

मी डबी दिली. त्यांनी जाड सुई वेचली, दोरा घेतला. हात थरथरतात त्यांचे, तुम्हाला माहीतच आहे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. एका फटक्यात दोरा ओवला.

"ही तर मीसुद्धा ओवते," त्या म्हणाल्या. "अर्धी आंधळी मी."

मी उभी राहिले.

"पाच महिने मी दारोदार सांगत फिरले. माझ्या सुनेने अडवलं. माझ्या सुनेने अडवलं." मग म्हणाल्या, "मला सांगायचं होतंस. मी काय तुला गिळलं असतं?"

ओवलेली सुई टेबलावर ठेवून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आहे.

वहिनी

रविवार, २७ जुलै

भाऊजी,

आता पत्र टाकायला हरकत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत. आधीची चारही यासोबत पाठवते आहे. दाभणाने भोक पाडून दोऱ्याने एकत्र ओवली आहेत, म्हणजे तपासताना मागेपुढे होणार नाहीत. पहिल्या पत्राच्या पाकिटावरचं तिकीट काढून मोठ्या पाकिटावर लावलं.

निकाल तुम्ही ऐकलात. मनुष्यवध टिकला नाही. निष्काळजीपणा आणि दारू, दोन्ही मिळून अडीच वर्षं, आणि परवाना कायमचा रद्द. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं तेव्हा मी मनात वजाबाकी केली. मग वाटलं, कशातून काय वजा करते आहे मी? तुमचे दादा तर कुठल्याच कलमात मोजलेले नाहीत.

मलाही नोटीस आली आहे. सप्टेंबरची तारीख आहे. दंड होईल, कदाचित आणखी काही. ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, "तोपर्यंत ती कायद्याची सात पुस्तकं पुरी करा." ती केव्हाच पुरी झाली आहेत. त्यांनी कपाट उघडून पाहिलेलं नाही.

सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ दे. पंखा लाव. शेजारणी येतात, पण आता सासूबाई त्यांना काही सांगत नाहीत. त्या दिवशी एकीने विचारलं, "सून गेली होती ना कोर्टात? काय झालं?" तर म्हणाल्या, "जे झालं होतं ते सांगून आली." आणि विषय बदलला. मी भांडी आवरायला उठले नाही.

निकालानंतर तुम्हाला नेत होते तेव्हा कोर्टाच्या ओसरीत तुम्ही थांबलात. आठ महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला. मला वाटलं, आता बोलाल. शिव्या द्याल किंवा रडाल. मी दोन्हीसाठी उभी होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, आईच्या चष्म्याचा डावा स्क्रू सैल झालाय. पडेल तो." शिपाई म्हणाला, "चला हो." आणि तुम्ही गेलात.

मला कधी कधी स्वप्नात ते तळं दिसतं. तुम्ही दोघं गवतावर पालथे झोपलेले आहात. मी चपला हातात घेऊन पायरीवर बसलेली आहे. कोणी कोणाला उठवत नाही. होडी मध्यभागीच आहे. संध्याकाळची बस येते आणि थांबून राहते, घाई करत नाही. जाग आल्यावरही थोडा वेळ मला ती बस चुकल्यासारखं वाटत नाही.

काल सासूबाईंच्या चष्म्याचा तो स्क्रू पडला.  आज दुपारी बघते तर माझ्या बांधणीच्या सामानात, खळीच्या वाटीशेजारी, त्यांचा चष्मा ठेवलेला. डावी दांडी वेगळी, आणि कागदाच्या पुडीत तो स्क्रू. त्या आत झोपल्या होत्या.

खिडकीशी बसले. भिंग डोळ्याला लावलं. पहिल्यांदा स्क्रू हातातून निसटला. फरशीवर तळवा सपाट फिरवून शोधला, तुम्ही दुकानात शोधायचात तसा. दुसऱ्यांदाही निसटला. मग तुम्ही एकदा दाखवलं होतं ते आठवलं. घाईने आवळायचा नाही. आधी उलटा फिरवायचा, हळूच, टक् होईपर्यंत.

उलटा फिरवला. टक् झालं. मग सुलटा. अडीच वेढे.

काचा पदराने पुसल्या, दांड्या मिटल्या आणि चष्मा त्यांच्या उशाशी ठेवून आले.